नातीने काला घेतला नाही



गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी काला असतो. आता गळा साथ देत नाही, दोन तास उभे राहणे गुडघ्यांना मानवत नाही, म्हणून गेली काही वर्षे मी बसूनच चार अभंग म्हणतो. पोरे टाळ धरतात, हंडी फुटते, आणि मी माझ्या हाताने एकेकाच्या ओंजळीत काला घालतो. यंदा माझी थोरली नात इंग्लंडहून आली होती. ती पुढे आली, वाकून पाया पडली, पण ओंजळ केली नाही. हळूच म्हणाली, "आबा, यात दही आहे. मी दूधदुभतं सोडलंय."

तुम्ही वारकरी आहात. हे शब्द माझ्या कानाला कसे लागले असतील ते तुम्हाला सांगायला नको. त्या काल्याचे शीत मिळावे म्हणून देव यमुनेत मासे होऊन आले आणि गोपाळांनी हात पाण्यात न धुता घोंगडीला पुसले, ही कथा मी किती सप्ताहांत सांगितली याचा हिशेब नाही. देवांना न मिळालेला काला माझ्याच घरात, माझ्याच नातीने नको म्हणावा! त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही. रात्री तिची आजी मला म्हणाली, "नको म्हणाली पोर, शिवी नाही दिली. का नको ते तरी विचारा."

विचारले. त्या विचारण्यातून जे निघाले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. हा निकाल नाही. आळंदीला शिकत असताना आमचे गुरुजी सांगत, ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येत नाही त्याने सिद्धांताला हात घालू नये. म्हणून आधी तिची बाजू.

नात लेस्टरला राहते. चित्रपट करण्याचे रीतसर शिक्षण घेऊन ती माहितीपट बनवते. तिकडे स्वतःला 'व्हीगन' म्हणवणारे लोक आहेत. आपला माळकरी मांस, मासे, अंडी सोडतो. व्हीगन माणूस त्याच्याही पुढे जातो आणि दूध, तूप, मध, रेशीम, कातडे, प्राण्यापासून येणारे जे जे म्हणून आहे ते सोडतो. शब्द फार जुना नाही. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकाम शिकवणाऱ्या एका इंग्रज मास्तराने आणि त्याच्या सोबत्यांनी संस्था काढली आणि हा शब्द चालवला. १ नोव्हेंबर हा त्यांचा दिवस. आपल्या कार्तिकीच्या आगेमागेच येतो. मी तिला म्हटले, म्हणजे तुमचीही एक माळच आहे की. ती हसली. म्हणाली, "माळच आहे आबा. फक्त ती कीर्तन ऐकून घातली नाही, सिनेमा बघून घातली."

इथे मी कान टवकारले. पन्नास वर्षे मी जो धंदा केला (धंदा म्हणतो, राग मानू नका, बिदागी घेतलीच आहे) तो एवढाच होता, की माणूस समोर बसावा आणि उठताना थोडा वेगळा होऊन उठावा. ते काम परदेशात पडदा करतो आहे म्हटल्यावर मला पाहणे भाग होते.

तिने पहिल्यांदा जो चित्रपट लावला त्याचे नाव 'अर्थलिंग्ज'. २००५ सालचा, अमेरिकेतला. कत्तलखाने, कोंबड्यांची कोठारे, प्रयोगशाळा, लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले सगळे. वॉकिन फीनिक्स हा त्यांच्याकडचा नावाजलेला नट मागून बोलतो. नातीने हा कॉलेजात असताना पाहिला आणि त्या रात्रीपासून मांस सोडले, वर्षभरात दूधही. मी दहा मिनिटे पाहिला आणि म्हणालो, बंद कर. नरकाचे वर्णन मीही कीर्तनात केले आहे, गरुडपुराणातले तापलेल्या तेलाचे. पण ते ऐकताना श्रोत्याला ठाऊक असते की महाराज सांगताहेत. इथे ते जनावर खरे होते.

दुसऱ्या रात्री तिने दुसरा लावला. त्याचे नाव 'गुंडा'. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ भलताच, पण तिथे ते एका डुकरिणीचे नाव आहे. व्हिक्टर कोसाकोव्हस्की या रशियात जन्मलेल्या दिग्दर्शकाने नॉर्वेतल्या एका शेतावर ती निवडली. २०२० साली बर्लिनच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. दीड तासाचा, काळापांढरा. त्यात माणूस दिसत नाही, कोणी बोलत नाही, संगीत नाही. माझ्यासारख्या अर्ध्या वाक्यालाही चाल लावणाऱ्या माणसाला पहिली पंधरा मिनिटे जड गेली.

मग पाहता पाहता मी पुढे सरकून बसलो. पेंढ्यात डुकरीण पडलेली असते. अंगावर पिल्ले चढतात, घसरतात, आचळ शोधतात. एक अशक्त पिल्लू पेंढ्याखाली राहते आणि आईच्याच पायाखाली सापडते. तेही तो लपवत नाही. मधेच पिंजऱ्यातून सुटलेल्या कोंबड्या गवतावर पहिले पाऊल टाकतात, आणि ते गवत खरे आहे की नाही असे पाय उचलून पाहतात. त्यांतली एक कोंबडी एका पायाची. गोठ्याचे दार उघडल्यावर म्हाताऱ्या गाई उड्या मारत बाहेर पडतात. दोन दोन गाई एकमेकींच्या शेपटीकडे तोंड करून उभ्या राहतात, म्हणजे एकीच्या शेपटीने दुसरीच्या डोळ्यांवरच्या माशा वारल्या जातात. हे मी आमच्या गोठ्यात शंभरदा पाहिले असेल. पाहिले होते, पण बघितले नव्हते.

शेवटी चाकांचे एक यंत्र येते, पिल्ले एका पेटीत भरली जातात आणि यंत्र जाते. पुढे त्यांचे काय झाले ते दाखवलेले नाही. रक्ताचा थेंब नाही. फक्त ती आई मागे धावते, परत येते, वास घेते, पुन्हा दाराशी जाते. आचळे भरलेली. बराच वेळ कॅमेरा तिला सोडत नाही. दशावतारांत आपण वराहापुढे हात जोडतो आणि रस्त्यात डुक्कर दिसले की वाट बदलतो. त्या रात्री मला पडद्यावर डुक्कर दिसले नाही, फक्त एक आई दिसली.

या कोसाकोव्हस्कीची हकीकत नातीने सांगितली. तो चार वर्षांचा असताना खेड्यात राहायला होता, तिथे एक पिल्लू त्याचे सोबती झाले. नववर्षाच्या जेवणात तेच ताटात आले. तेव्हापासून त्याने मांस खाल्ले नाही. म्हणजे साठीला टेकलेल्या माणसाने हा चित्रपट केला तो त्या एका पिलाचे देणे फेडायला. मनात आले, आपण कोणाचे देणे फेडायला कीर्तनाला उभे राहत होतो?

आता माझी गोष्ट सांगतो. इतकी वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

आमच्या पंचक्रोशीत एक खाटीक होता. बकरी कापण्याचा त्याचा पिढीजात व्यवसाय. पण सप्ताह आला की सात दिवस दुकान बंद, आणि हा माणूस पहाटे काकड्यापासून मंडपात. पंगतीचे पाणी तो वाही, पत्रावळी तो उचली. एका वर्षी मला कीर्तनात आवेश चढला. मांसाहार, जीवहत्या, यमदंड. श्रोते टाळ्या देत होते, आणि टाळ्या मिळाल्या की जीभ कशी सुटते ते कीर्तनकारालाच माहीत. मी त्याच्याकडे बोट केले नाही, पण मंडपातल्या सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो शांतपणे उठला, पाण्याची घागर जागेवर ठेवली आणि गेला. पुन्हा कधी मंडपात आला नाही. दुकान तर बंद झालेच नाही, उलट सप्ताहातले सात दिवसही ते उघडे राहू लागले. म्हणजे माझ्या त्या गाजलेल्या कीर्तनाने दरवर्षी सात दिवसांची बकरी जास्त मेली. सजन कसायाच्या दुकानी खुद्द पांडुरंग कामाला उभा राहिला ही कथा मला तोंडपाठ होती. ती त्या रात्री आठवली नाही.

हे मी नातीला सांगितले आणि म्हणालो, तुझ्या त्या पहिल्या चित्रपटाबद्दल मला हीच भीती वाटते. तिनेच मग एक उदाहरण दिले. ऑस्ट्रेलियात 'डोमिनियन' नावाचा असाच भेदक चित्रपट २०१८ साली निघाला. त्याला वर्ष झाले म्हणून एप्रिल २०१९ मध्ये कार्यकर्त्यांनी मेलबर्नचा भर चौक गाड्या लावून अडवला, लोकांनी हा चित्रपट पाहावा म्हणून. कामाला निघालेले लोक चिडले, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने शेतावर घुसायला चिथावणी देणाऱ्यांना शिक्षा करणारा कायदा केला.

पण ती गप्प बसली नाही, आणि तिचे उत्तर मला अजून पूर्ण खोडता आलेले नाही. ती म्हणाली, "आबा, मी त्या भयंकर चित्रपटानेच बदलले ना? गुंडा पाहून मी रडले असते आणि दुसऱ्या दिवशी सॅंडविच खाल्लं असतं. तुम्ही हळू बोला म्हणता, पण ज्याला आज कापायचं आहे त्याला वाट बघायला वेळ कुठे आहे?" खरे आहे. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली तेव्हा त्यांनी सोबतच्या मंडळींची समजूत घालत वेळ काढला नाही. आधी पाणी पाजले. मग फरक कुठे आहे? मला वाटते तो इतकाच, की नाथांच्या हातात पाणी होते. माझ्या हातात त्या रात्री फक्त यमदंड होता.

तिसरा चित्रपट मात्र ती लावायला का-कू करत होती. मीच आग्रह केला. त्याचे नाव 'काऊ', गाय. अँड्रिया अर्नोल्ड या इंग्रज बाईचा. इंग्लंडात केंट परगण्यातल्या एका दुधाच्या गोठ्यावर चार वर्षे कॅमेरा नेऊन तिने लुमा नावाच्या एका गाईचे आयुष्य टिपले. २०२१ साली फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात दाखवला. हिने कोणाला काही सोडा म्हणून सांगितलेले नाही. गोठा स्वच्छ आहे, कामाची माणसे गाईशी गोड बोलतात, दूध काढताना रेडिओवर गाणी चालू असतात. लुमा विते, वासराला चाटते. मग वासरू वेगळे नेतात आणि लुमा हंबरते.

तो हंबरडा ऐकला आणि मी उठून अंगणात गेलो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढून मी संकरित गाय घेतली होती. दुसऱ्या वेताला गोऱ्हा झाला. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसते, जू बसत नाही, आमच्याकडचे ऊन त्याला सोसत नाही. आणि रोज दोन-अडीच लिटर दूध त्याच्या पोटात जाणार, डेअरीच्या कॅनमध्ये तेवढे कमी. आठव्या दिवशी एक माणूस टेंपो घेऊन आला. मी दावे सोडून दिले. पुढे काय, हे मी विचारले नाही, कारण मला माहीत होते. गाय तीन रात्री ओरडली. तिसऱ्या दिवशी मला शेजारच्या गावी काल्याचे कीर्तन होते. तिथे मी कृष्णाच्या गाई, त्यांची वासरे, मुरली ऐकून तोंडातला घास तसाच धरून उभी राहिलेली ती गोमाता, असे काही रंगवले की बायाबापड्या पदराने डोळे पुसू लागल्या. परत आलो तेव्हा गाय ओरडायची थांबली होती. घसा बसला होता तिचा.

वाचक माऊली, खाटकाला मी उठवला ते याच वर्षी. किती महिन्यांच्या अंतराने ते आठवत नाही. पण वर्ष तेच.

'काऊ'चा शेवट मी दुसऱ्या दिवशी पाहिला. लुमा थकते, कास लोंबू लागते, तिच्या पुढ्यात खाणे ठेवतात आणि गोळी घालतात. एका क्षणात. नात म्हणाली, आपल्याकडे निदान हे नाही. मी म्हणालो, आपल्याकडे गाय मारायची बंदी आधीपासून आहे, २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूही आले त्यात. कायदा चांगलाच आहे. पण भाकड जनावराला उरलेली दहा वर्षे वैरण कोण घालणार ते कायद्यात लिहिलेले नाही. म्हणून दावे कापून हमरस्त्यावर सोडलेले गोऱ्हे दिसतात. त्यांना कोणीच मारले नाही, असे प्रत्येक जण म्हणू शकतो. मीही म्हणत होतो.

आता तिच्या मूळ कामाकडे येतो. ती एक छोटा चित्रपट करते आहे, इंग्लंडातल्या लोकांसाठी. तिचा बेत असा होता: पंढरीची वारी दाखवायची, लाखो माळकरी दाखवायचे आणि म्हणायचे, पाहा, सातशे वर्षांपूर्वीच भारतातल्या संतांनी व्हीगन धर्म सांगितला. मी कॅमेऱ्यापुढे बसून दोन वाक्ये तशी बोलावीत. तिकडच्या लोकांना भारत म्हटले की भारी वाटते, चित्रपट चालेल.

मी नाही म्हणालो. भांडणच झाले म्हणा. संत व्हीगन नव्हते. नामदेवरायांनी लहानपणी विठ्ठलाला वाटीभर दूध पाजले. तेच नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे कोरडी खाऊ नकोस म्हणून धावले, तेव्हा त्यांच्या हातात तुपाची वाटी होती. दयेची आमची सगळ्यात लाडकी गोष्ट, आणि तिच्यात तूप आहे! काला दह्याचा. आणि मृदंग? हा प्रश्न तिनेच मला टाकला होता: "आबा, पुडी कशाची असते?" पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वाद्या म्हशीच्या कातड्याच्या. आता नटबोल्टचे मृदंग निघाले, वाद्या गेल्या, पुडी तीच. ज्या कातड्यावर थाप पडली की आमचे रोमांच उभे राहतात ते कातडे आले त्या खाटकाकडूनच. हे सगळे झाकून परदेशी माणसाला आमचे संत विकायचे, तर मग दुकान तिचे आणि माझे यांत काय फरक राहिला? जनावरावर दया करायची म्हणून संतांच्या तोंडी खोटे घालायचे, हे मला मान्य नाही.

आपली गोष्ट आहे तशी सांगूनही परदेशात पोचते. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. माझ्या वडिलांनी तो तंबूत पाहिला होता आणि विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की लोक हात जोडायचे असे ते सांगत. १९३७ साली तो इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तिथल्या प्रेक्षकाला मराठीचे अक्षर येत नव्हते. दामले-फत्तेलालांनी त्या लोकांना वारकरी करायला तो काढला नव्हता. इटलीच्या माणसाला काय हवे असेल असा विचार करून तुकोबा बदललेही नव्हते.

मग नातीला मी उलट बाजूचाही एक चित्रपट सांगितला. श्याम बेनेगलांचा 'मंथन', १९७६. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून तो तयार केला, आणि ट्रक भरभरून गावकरी तो पाहायला गेले. दुधाच्या पैशाने दलित, गरीब माणूस सावकारापुढे कसा ताठ उभा राहतो त्याची ती गोष्ट. नवी प्रत करून २०२४ साली तोही त्याच कानच्या महोत्सवात दाखवला. म्हणजे ज्या गावात लुमाचा हंबरडा ऐकला गेला, तिथेच तीन वर्षांनी मंथनही झाले. दोन्ही खरे. आमच्या वाडीत एक विधवा आहे. दोन गाई, पावसावरची दीड एकर. दर दहा दिवसांनी डेअरीचा हिशेब होतो त्यावर तिची दोन पोरे शिकली. तिच्या गोठ्यात कॅमेरा नेऊन तिला पापी ठरवणारा चित्रपट तू लेस्टरला दाखवलास, तर पाहणारे हळहळतील आणि घरी जाऊन बदामाचे दूध पितील. इथे तिच्या पोरांच्या फीचे काय?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मान्य. पण आबा, तिची अडचण खरी आहे. तुमची कोणती आहे?"

इथे माझा सिद्धांत संपला. मुलगा दरमहा पैसे पाठवतो. गोठा कधीच मोडला. दूध पिशवीतून येते. ते कोणत्या गाईचे, तिचा गोऱ्हा कुठे गेला, मला माहीत नाही. तीस वर्षांपूर्वी निदान गाय ओरडलेली ऐकू येत होती. दुसऱ्याच्या गरिबीची ढाल माझ्या चहाच्या कपापुढे धरायची, हा युक्तिवाद फडावर कोणी केला असता तर मी त्याला तिथेच अडवले असते.

जुने लोक दोन सड वासराला सोडत, मग काढत. ते दूध आणि हे दूध एकच नव्हे, असे म्हणून मी काही दिवस मनाची समजूत घातली. त्यात तथ्य आहे. पण जुना काळही धुतल्या तांदळाचा नव्हता. दुष्काळात आधी वासराचा सड बंद होई, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. गोपाळांनी लोणी मथुरेच्या बाजारात जाऊ न देता आपसांत वाटून खाल्ले, हा काल्याचा अर्थ मीच सांगत आलो. त्या वाटपात वासराचा वाटा धरायचा की नाही, हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नाही आणि मी स्वतःला विचारला नाही. सत्तरी ओलांडल्यावर तो एका इंग्लंडच्या गाईने विचारला.

शेवटी तिच्या चित्रपटासाठी मी बोललो. संतांचे प्रमाण दिले नाही. वारीचे एकही दृश्य नको म्हणालो, तेही तिने ऐकले. रिकाम्या गोठ्यात बसून गोऱ्ह्याची गोष्ट सांगितली, टेंपोची, तीन रात्रींची, आणि त्या काल्याच्या कीर्तनाची. खाटकाचीही सांगितली, नाव न घेता. तो आता हयात नाही. त्याच्या मुलाला आधी जाऊन विचारून आलो. तो म्हणाला, "सांगा की महाराज. आमचे अण्णा शेवटपर्यंत घरी हरिपाठ म्हणायचे." हे मला ठाऊक नव्हते. कॅमेऱ्यापुढे मधेच माझे शब्द थांबले, बराच वेळ थांबले. नात म्हणाली तेवढे कापू का? मी म्हणालो, नको, ते राहू दे.

नोव्हेंबरात ती तो लेस्टरला एका सभागृहात दाखवणार आहे. दाखवून झाल्यावर लोक प्रश्न विचारतात म्हणे, आणि मला फोनवर बसायचे आहे. ती भाषांतर करील. कोणीतरी विचारणारच, महाराज, तुम्ही दूध सोडले का? सध्या खरे आहे ते एवढेच: चहा कोरा घेतो. तिची आजी म्हणते, घ्या कोरा, पण पुढच्या अष्टमीला हंडीत काय घालायचे ते आत्ताच सांगून ठेवा, आयत्या वेळी मला धावपळ नको. नात नारळाचे दूध विरजून दही लागते म्हणते. आजीने ते एकदा लावून पाहिले, लागले नाही. देवापुढचा दिवा अजून तुपाचाच आहे.